हेतूचा वाटा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भूवात ऊर्जा कंपनीच्या आवारातून मारबत निघायची. कागद, कामट्या आणि जुनं गोणपाट यांची ती बाहुली जोखीम विभागाने बनवायची, हा कंपनी सुरू झाल्यापासूनचा रिवाज. गावात लोक मारबतीबरोबर रोगराई आणि इडापिडा वेशीबाहेर घालवतात. इथे कंपनीवरची संकटं घालवायची. कोणी ओरडायचं, "ढगाळ हवा घेऊन जा गे मारबत", कोणी म्हणायचं, "सरकारचे नवे नियम घेऊन जा गे मारबत", आणि मुंबईहून आलेले गुंतवणूकदार हे काय चाललंय म्हणून मोबाईल वर धरायचे. एरवी जाडजूड वार्षिक अहवालात 'व्यवसायापुढील जोखमी' या मथळ्याखाली झोपून राहिलेल्या गोष्टी या एका दिवशी मोठ्याने बोलायची मुभा होती.

त्या वर्षी जोखीम विभागाची प्रमुख हर्षदा वैरागडे स्वतः पुढे झाली आणि तिने हाळी दिली, "मंदार उरकुडेच्या मुलाखती घेऊन जा गे मारबत."

सगळे हसले. सर्वांत जास्त हसला तो मंदार उरकुडे, कंपनीचा तंत्रसंचालक. त्याने पुढे होऊन मारबतीला हातही लावला. हर्षदाही हसली. पण ती थट्टा नव्हती, हे तिचं तिला ठाऊक होतं. आवारातल्या खांबांवरच्या मायक्रोफोननाही ते कळलं होतं, हे तिला जरा उशिराने कळलं.

मंदारवरून हर्षदाच्या पोटात दुखायचं, हे आडपडदा न ठेवता सांगितलेलं बरं. दोघं नागपूरला अभियांत्रिकीला एका वर्गात होती. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दोघांनी मिळून घेतला: चुनखडी बनवणारे जिवाणू वापरून विटांच्या भेगा बुजवायच्या. कल्पना हर्षदाची. पण बाटल्यांमधलं द्रावण पुन्हा पुन्हा नासायचं, परीक्षा तोंडावर आली, तिला नोकरी लागली, आणि ती मंदारला म्हणाली की सोड रे, हे काही व्हायचं नाही. तिने सोडलं. त्याने सोडलं नाही. वर्षानुवर्षं तो त्या बाटल्या हलवत बसला आणि शेवटी त्याने करून दाखवलं. चोरलं असतं तर बरं झालं असतं, असं हर्षदाला कितीदा वाटलं असेल. चोराचा निदान राग करता येतो. इथे राग करायला कोणी नव्हतंच. होती ती आपण टाकून दिलेली वस्तू आणि ती दुसऱ्याच्या घरात झगमगताना बघण्याची सक्ती.

त्याने जे करून दाखवलं ते थोडक्यात असं. चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात बंद पडलेल्या कोळसा खाणींना तोटा नाही. दुसरीकडे, दुपारी सूर्याची वीज इतकी तयार होते की घ्यायला कोणी नसतं, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी ती नसते. मग दुपारच्या फुकट विजेवर पंप चालवायचे, जुन्या खाणीच्या बोगद्यांत हवा दाबून भरायची आणि संध्याकाळी ती सोडून जनित्रं फिरवायची. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून ठेवण्याइतकं सोपं. अडचण एवढीच की ही ट्यूब भेगाळलेली होती आणि कोळशाची होती. दाबलेल्या हवेत प्राणवायू दाटून भरलेला असतो, आणि इकडचा कोळसा नुसता हवेवर उघडा पडला तरी आतल्या आत तापून पेट घेतो. तेव्हा भिंती अशा लिंपायला हव्यात की हवा कोळशाला शिवताच कामा नये. मंदारने ते काम जिवाणूंना दिलं. त्यांना साखर कारखान्याची मळी, युरिया आणि चुन्याची निवळी पाजायची. ते भेगांत शिरून चुनखडी बनवतात आणि भिंतीवर तिचं घट्ट अस्तर धरतात. नवी भेग पडली तर जिवंत अस्तर ती स्वतःच बुजवतं.

आमडी गावाखालची खाण अशी लिंपून झाली तेव्हा जपानपासून जर्मनीपर्यंतची माणसं ती बघायला आली. मंदारच्या मुलाखती तेव्हापासून सुरू झाल्या. प्रत्येक मुलाखतीत तो न चुकता म्हणायचा, "ही मूळ कल्पना माझ्या मैत्रिणीची." मुलाखतकार हसून मान डोलवायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचे. हर्षदाला हे वाक्य ऐकवत नसे. भीक घातल्यासारखं वाटायचं.

घरी तरी सुटका असावी, तर तिचा नवरा मुकुंद मंदारचा भक्त. तो कॉलेजात इतिहास शिकवायचा. मंदार दर रविवारी त्याच्याशी कॅरम खेळायला येई, मुकुंदने त्याच्यासाठी मुद्दाम कोथिंबीर भरलेली सांबारवडी आणून ठेवलेली असे, आणि तो गेला की मुकुंद पावडर पुसता पुसता म्हणे, काय साधा माणूस आहे. त्या 'साधा' शब्दाने हर्षदाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला कोणी कधी साधी म्हटलं नव्हतं. हुशार म्हणत, कडक म्हणत. स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून ती त्या दोघांच्या हसण्याचा हिशेब करायची, आणि मुकुंद आपल्याबरोबर असा शेवटचा कधी हसला ते आठवायची.

आता काट्याविषयी सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते.

मधल्या काळात काही मोठ्या कंपन्या बुडाल्या. बाजाराने नाही, हवामानाने नाही. आतल्या माणसांच्या हेव्यादाव्यांनी बुडाल्या. कोणी दुसऱ्याचं काम हाणून पाडायला खोट्या धोक्याची बोंब मारलेली, कोणी मित्राला सांभाळायला खरा धोका झाकलेला. विमा कंपन्यांनी मग अट घातली की अंतर्गत हरकती यंत्राने तोलून घ्या, तरच विमा. त्या यंत्राला सगळे काटा म्हणत. काटा कंपनीतलं सगळं बोलणं ऐकायचा, सगळा पत्रव्यवहार वाचायचा. कोण कोणाविषयी बोलताना आवाज चढवतो, कोण कोणाच्या यशानंतर गप्प होतो, हे त्याच्याजवळ वर्षानुवर्षं साठलेलं असायचं. कोणी हरकत घेतली की काटा तिची फोड करून दाखवी: एवढा वाटा आशयाचा, एवढा हेतूचा. आशयाचा वाटा एक तृतीयांशाच्या खाली गेला की ती हरकत संचालकांपर्यंत जायची नाही. नुसती अडायची नाही, पुसलीच जायची, उगाच कोणाच्या नावावर डाग राहायला नको म्हणून.

भूवातमध्ये हा काटा हर्षदानेच आणला होता. एक तृतीयांशाचा नियम तिचा आणि पुसून टाकायचा नियमही तिचाच. त्या वेळी तिची पाठ थोपटणाऱ्यांत मंदार सर्वांत पुढे होता.

हर्षदाला एक सवय लागली होती. सकाळी कार्यालयात आली की स्वतःचं काम उघडण्याआधी ती आमडी खाणीचे आकडे उघडायची. दाब किती, ओल किती, बाहेर पडणाऱ्या हवेत काय काय. तिच्या कामाचा तो भागही होता म्हणा, पण रोज, चहा गार होईपर्यंत, इतकं बघायची गरज नव्हती. शेजारच्या घरात काही बिनसतंय का हे खिडकीआडून बघावं, तसं ते बघणं होतं. कुठेतरी काहीतरी चुकलेलं सापडावं अशी तिची मनोमन इच्छा होती. आणि ज्याची वाट बघत होती ते सापडलं.

बाहेर सोडलेल्या हवेत कर्बवायू वाढत होता. फार नाही, पण वाढत होता. मंदारच्या लोकांनाही ते दिसलं होतं आणि ते खूश होते: जिवाणू श्वास घेतात, श्वासातून कर्बवायू सोडतात, म्हणजे अस्तर जिवंत आहे, धष्टपुष्ट आहे. मंदारने एका मुलाखतीत 'आमची खाण श्वास घेते' असं सांगितलंही होतं. पण हर्षदाने आकड्यांखाली पावसाचे आकडे लावून बघितले. दर मोठ्या पावसानंतर कर्बवायू चढत होता. जिवाणूंना मळी जास्त मिळाली तरी तितकाच, कमी मिळाली तरी तितकाच. पाऊस बघून जोरात श्वास घेणारा जिवाणू तिला ठाऊक नव्हता.

कोळशात गंधक असतं. त्याला हवा आणि पाणी दोन्ही मिळालं की त्याचं आम्ल बनतं. जुन्या खाणींतलं पिवळं आंबट पाणी ते हेच. अस्तराच्या पुढून दाबाची हवा अगदी बारीक छिद्रांतून पाझरत होती, मागून पावसाचं पाणी कोळशात उतरत होतं, आणि दोघांच्या मध्ये आम्ल तयार होऊन चुनखडीला पाठीमागून खात होतं. चुनखडीवर लिंबू पिळलं की फसफसतं, तसं. ती फसफस म्हणजेच तो कर्बवायू. खाण श्वास घेत नव्हती, तिचं अस्तर विरघळत होतं. पुढच्या बाजूने ते अजून गुळगुळीत होतं, म्हणून दाब कुठेच उतरत नव्हता. ज्या दिवशी उतरेल त्या दिवशी सगळी दाबलेली हवा एकदम कोळशावर जाईल. वर आमडी गाव नांदत होतं, आणि दसऱ्याला खाणीतला दाब दुप्पट करायचा मुहूर्त ठरला होता.

हे सगळं जुळलं तेव्हा हर्षदाला पहिल्यांदा भीती वाटली नाही. आनंद झाला. इतका की तिला खुर्चीतून उठून दाराशी जाऊन परत यावं लागलं. भीती त्यामागून आली, आणि लाज तिच्याही मागून.

तिने हरकत लिहिली. फार संयमाने, मंदारचं नावही न घेता लिहिली. काट्याने ती वाचली आणि क्षणात फोड दिली: आशय अकरा टक्के, हेतू एकोणनव्वद. कारण विचारल्यावर काट्याने कारणंही दाखवली. मंदारच्या नावानंतरचा तिचा वाढलेला आवाज. आमडीचे आकडे गरजेपेक्षा जास्त वेळा उघडणं. मंदारच्या सत्कारांना आयत्या वेळी येणारी तिची आजारपणं. आणि सर्वांत ताजा पुरावा, मारबतीपुढची हाळी. हर्षदा ते वाचत राहिली. त्यातलं एकही खोटं नव्हतं. मग नियमाप्रमाणे हरकत पुसली गेली.

ती तडक कंपनीचे अध्यक्ष चांडकसाहेब यांच्याकडे गेली. चांडकसाहेब मृदू माणूस. त्यांनी तिला बसवलं, पाणी मागवलं आणि ती तोंड उघडणार तोच विचारलं की हरकत काट्यात भरली का. ती म्हणाली, नाही.

"मग मला ऐकवू नका, मॅडम," ते म्हणाले. "तोलात न भरलेली हरकत मी कानावर घेतली तर विमा जाईल. विमा गेला तर दसऱ्याला मिळायचं कर्ज जाईल. तुम्हीच लिहिलेला नियम आहे हा. कोणाविषयी आहे?"

"मंदारविषयी."

चांडकसाहेबांनी मान हलवली. ते इतकंच म्हणाले की आठ दिवस सुट्टी घ्या, गणपती घरी साजरे करा. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. हर्षदाला ती जास्त झोंबली.

संध्याकाळी घरी ती स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहिली. आता तिची स्वतःवरच शंका होती. काटा एकोणनव्वद टक्के म्हणतो तर असेल एकोणनव्वद. आपल्याला जे दिसलं ते दिसलं, की दिसावंसं वाटलं म्हणून दिसलं? मंदारने प्रत्येक विभागप्रमुखाला अस्तराचा एक तुकडा काचेच्या डबीत घालून भेट दिला होता. तिने डबी उघडली, तुकडा ताटलीत ठेवला आणि त्यावर लिंबू पिळलं. तो फसफसला. फसफसणारच होता, कोणतीही चुनखडी फसफसते. त्यातून काही सिद्ध होत नव्हतं. तरी ती बघत राहिली, आणि खरं सांगायचं तर तिला बरंही वाटत होतं.

मागे मुकुंद येऊन उभा होता. त्याने ताटली बघितली, रिकामी डबी बघितली.

"त्याने दिलेली भेट आहे ना ती," तो म्हणाला. "काय करून राहिली तू, हर्षदा?"

तिने सांगायला सुरुवात केली. आम्ल, गंधक, पाऊस, आमडी. मुकुंदने सगळं ऐकून घेतलं, आणि मग हळूच विचारलं की हे तू दुसऱ्या कोणाच्या खाणीत शोधलं असतं का. नसतं शोधलं. दुसऱ्या कोणाच्या खाणीकडे तिने इतकं डोळे लावून बघितलंच नसतं. पण म्हणून खाणीत घडणारं घडायचं थांबणार होतं थोडंच? हे तिला मुकुंदला सांगता आलं नाही. तो डबी धुऊन पुसत होता.

निनावी हरकत चालणार नव्हती, काटा लिहिण्याची ढब ओळखतो. हाताखालच्या कोणाकडून लिहून घ्यावी तर काटा विचारतो, मूळ माहिती कोणाची, आणि एकदा तिचं नाव आलं की पुन्हा तेच वजन. काट्याचं पूर्ण माप एकाच माणसाच्या पदरात पडणार होतं. जो स्वतःच्या फायद्याविरुद्ध बोलतो आणि दुसऱ्या कोणालाही सांभाळत नाही, त्याच्या बोलण्यात काटा हेतू धरतच नाही. आमडीत चूक आहे असं मंदारने म्हटलं तरच ती चूक ठरणार होती. आणि तेही स्वतःला सापडली असं म्हटलं तर.

हे कळायला हर्षदाला वेळ लागला नाही. पचायला लागला. महालक्ष्म्या बसल्या, उठल्या, गणपती गेले, आणि ती मनातल्या मनात दुसरी वाट शोधत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती मंदारच्या पुढे होती. त्याला जे दिसलं नाही ते तिला दिसलं होतं. आणि तेच उचलून त्याच्या ओंजळीत टाकायचं, वर स्वतःचं नाव पुसून. एकदा तिच्या मनात आलंही की होऊ दे काय व्हायचं ते, मग सगळ्यांना कळेल. मग आमडीच्या शाळेजवळून तिची गाडी गेली. मधली सुट्टी होती, मुलं बाहेर होती. तिने गाडी बाजूला घेतली आणि मंदारला फोन लावला.

कंपनीत काटा ऐकतो म्हणून तिने त्याला वणी रस्त्यावरच्या तर्री-पोह्याच्या टपरीवर बोलावलं. तो आला, दोन प्लेट सांगितल्या, तिच्या प्लेटीत तर्री कमी टाकायला सांगितली. तिला तिखट सोसत नाही, हे कॉलेजपासून त्याच्या लक्षात होतं. तिला त्याचाही राग आला.

"मंदार, तुझं अस्तर सडून राहिलं आहे," ती म्हणाली.

त्याने फक्त विचारलं, "कशावरून?" आणि ती सांगत असताना एकदाही मध्ये बोलला नाही. पोहे तसेच राहिले. तिचं संपल्यावर तो रस्त्याकडे बघत म्हणाला की आठवडाभर मळी बंद करू. श्वास असेल तर उतरेल, नाही उतरला तर आम्ल आहे.

"तू विश्वास ठेवतोस माझ्यावर?"

"तू माझ्यावर जळते, हे मला पहिल्यापासून माहीत आहे," मंदार म्हणाला. "पण तू आकडा कधी खोटा लिहीत नाही, हेही माहीत आहे."

हे त्याला माहीत होतं, आणि तरी तो रविवारी येऊन कॅरम खेळत होता, सांबारवडी खात होता, मुलाखतींत तिचं नाव घेत होता. हर्षदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

मळी बंद केली. कर्बवायू उतरला नाही; पितृपक्षातल्या एका मोठ्या पावसानंतर उलट चढला. मंदारने पुन्हा टपरीवर बोलावलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. उमेदीची सगळी वर्षं त्या अस्तरात गेली होती. तो म्हणाला की बैठकीत मी उठून सांगतो, आणि हे हर्षदाने शोधलं असंच सांगतो.

"माझं नाव घेतलंस तर अकरा टक्के," ती म्हणाली. "काटा विचारेल मूळ कोणाचं. तू म्हणायचं, माझं."

"मी खोटं नाही बोलू शकत, हर्षदा."

"एकदा बोल. गावासाठी बोल."

त्याने खिशातून पैसे काढून टपरीवाल्याला दिले. मग त्याने मान डोलावली.

दसऱ्याच्या आधीच्या बैठकीत मंदार उरकुडे उभा राहिला आणि त्याने आपल्याच शोधावर आरोपपत्र वाचलं. काट्याने मूळ विचारलं, त्याने "माझं स्वतःचं निरीक्षण" असं उत्तर दिलं. आवाज जरा कापला. काट्याने तो कंप दुःखाचा धरला आणि आशयाचा वाटा जवळजवळ पूर्ण दिला. चांडकसाहेबांनी त्याच दिवशी खाण रिकामी करायला लावली. आत उतरलेल्या लोकांना अस्तर बोटाने ढकललं तरी गळून पडताना दिसलं, आणि एका ठिकाणी त्यामागचा कोळसा हाताला चटका बसेल इतका तापलेला होता. दसऱ्याला दाब वाढवला असता तर आमडी राहिली नसती, असं तपासायला आलेल्या सगळ्यांनी सांगितलं.

मग मंदारचं कौतुक सुरू झालं. आधीचं कौतुक काहीच नव्हतं असं म्हणायची वेळ आली. शोध लावणारे पुष्कळ असतात, पण स्वतःच्या शोधाला स्वतः खोटं ठरवणारा एखादाच, असे अग्रलेख आले. आमडीच्या ग्रामसभेने त्याची मिरवणूक काढली. विमा कंपनीने तर भूवातला आदर्श म्हणून जाहीर केलं आणि दुसऱ्या, दगडात खोदलेल्या खाणीसाठी कर्ज मिळायची वाट मोकळी झाली. तिथेही मंदारच प्रमुख. मुकुंदने वर्तमानपत्रातलं कात्रण कापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं; तू ओट्यापाशी सांगत होतीस तेव्हा त्याने ते आधीच हेरलं असणार, असं तो म्हणाला. रोज साडी काढताना हर्षदाला ते दिसायचं.

तिच्या वाट्याला आली चौकशी. जे शोधकाला दिसलं ते जोखीम विभागाला कसं दिसलं नाही? तिची हरकत पुसलेली होती, दाखवायला काही नव्हतं. चांडकसाहेब मृदूपणानेच म्हणाले की मॅडम, तुम्ही तेव्हा मंदारविरुद्ध काहीतरी घेऊन आला होता, आणि तो बिचारा तेव्हा कंपनी वाचवत होता. तिला प्रशिक्षण विभागात हलवलं. नव्या भरतीच्या मुलांना ती आता काटा कसा चालतो ते शिकवायची.

हिवाळ्यात कंपनीचा वर्धापनदिन आला. चंद्रपूरच्या सभागृहात मंदारचा सत्कार होता. आदल्या दिवशी त्याने फोन केला. तो म्हणाला की खाण बंद झाली, आता कोणाला धोका नाही. मला हे गिळून राहवत नाही, उद्या मी सगळं सांगणार. हर्षदाने नको म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर तिने कपाटातून ठेवणीतली पैठणी काढली, आणि कात्रणाकडे बघून पहिल्यांदाच तिला काही वाटलं नाही.

मंदारने शब्द पाळला. शाल खांद्यावर घेऊन तो माईकपाशी गेला आणि त्याने सरळ सांगितलं. दोष मला सापडला नाही. हर्षदा वैरागडेला सापडला. काटा तिचं ऐकणार नव्हता म्हणून ती माझ्याकडे आली, माझ्याकडून खोटं वदवलं आणि स्वतःचं नाव पुसलं. हा सत्कार तिचा आहे. हर्षदा मागच्या रांगेत, उठावं लागेल म्हणून पदर सावरून बसली होती.

मग एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी, आणि पाहता पाहता सगळे उभे राहिले. पण कोणी मागे वळून हर्षदाकडे बघत नव्हतं. सगळे मंदारकडे बघत होते. पुढच्या रांगेतल्या बाई डोळे पुसत शेजारणीला सांगत होत्या की बघा, जिने जन्मभर याचा दुस्वास केला तिलासुद्धा हा मोठेपणा देतो. चांडकसाहेबांनी मंदारला मिठी मारली. हर्षदाने पर्समधून मोबाईल काढून काटा उघडला. मंदारने हरकतीचं मूळ बदललं होतं, तेव्हा त्याच्या भाषणाचीही फोड येऊन पडली होती: आशय सात टक्के. हेतूचं नाव काट्याने दिलं होतं, औदार्य.

मंदार गर्दीवरून तिला शोधत होता. त्याचा चेहरा पडला होता. लोक काय समजले ते त्यालाही कळलं होतं. तो हात हलवून नाही नाही म्हणत होता, आणि तो जितका नाही म्हणत होता तितक्या टाळ्या वाढत होत्या. हर्षदा त्याच्याकडे न बघता बाहेर आली.

परतताना मुकुंद गाडी चालवत होता. सभागृह मागे पडलं. मग त्याने एक हात तिच्या हातावर ठेवला. किती दिवसांनी ठेवला होता.

"काय माणूस आहे गं," तो म्हणाला. "तुझ्यासाठी एवढ्या लोकांसमोर खोटं बोलला."

"खोटं नव्हतं ते, मुकुंद."

मुकुंदने तिचा हात मायेने थोपटला. "असू दे," तो म्हणाला, आणि गाडी घराच्या रस्त्याला वळवली.